पीसीओडी आहे आणि बाळ हवंय: कुठून सुरू करायचं, कधी काय विचारायचं

मला पीसीओडी (अंडाशयाचं हार्मोनचं गणित बिघडण्याचा आजार) आहे हे एकोणिसाव्या वर्षी कळलं, साताऱ्याला कॉलेजात होते, पाळी चार चार महिने यायची नाही म्हणून आई डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तेव्हा सांगितलं गेलं की लग्न झालं की बघू. लग्न झालं, पुण्याला आले, आणि मग दोन वर्षं मी दर महिन्याला २१ गोळ्यांचं पाकीट घेत राहिले, पाळी अगदी घड्याळ लावल्यासारखी येत होती आणि मला वाटत होतं की मूल व्हायची ट्रीटमेंट चालू आहे. त्या गर्भनिरोधक गोळ्या होत्या. मी पाळीची तक्रार घेऊन गेले होते, त्यांनी पाळीवर औषध दिलं, आम्हाला मूल हवंय हे मी मोठ्याने कधी बोललेच नव्हते आणि तिकडूनही कुणी विचारलं नाही. ती दोन वर्षं तुमची जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस आणि औषध तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण काय विचारायचं ते इथून घेऊन जा.

१. सगळ्यात आधी: पाळी येणं आणि अंडं फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

हे एक कळलं की पुढचं सगळं कळतं. साधारण बाईच्या अंडाशयात दर महिन्याला बऱ्याच छोट्या पिशव्या म्हणजे फॉलिकल वाढायला लागतात, त्यातली एक पुढे जाते, १८-२० एमएमची होते आणि फुटते, त्यातून स्त्रीबीज बाहेर पडतं. आपल्यात काय होतं, इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणून शरीर जास्त इन्सुलिन बनवतं, ते जास्तीचं इन्सुलिन आणि वाढलेलं एलएच (मेंदूकडून अंडाशयाला येणारं हार्मोन) मिळून अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतात, आणि त्या वातावरणात एकही फॉलिकल पुढे जात नाही. सगळी अर्ध्यावर थांबतात.

माझ्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं होतं, काळे काळे छोटे गोल, कडेने ओळीत, मोत्याच्या माळेसारखे. मी घाबरून विचारलं या एवढ्या गाठी काढाव्या लागणार का. त्या म्हणाल्या, "अगं गाठी नाहीत या, ही तुझी बीजंच आहेत, वाढायची थांबलीत." मला तिथेच रडू आलं, कारण तोपर्यंत मला वाटत होतं की माझ्याकडे बीजंच नाहीत.

म्हणजे बहुतेक जणींचा अडथळा एवढाच असतो की अंडं वेळेवर फुटत नाही, कधी फुटतं तेही सांगता येत नाही. याला वांझपण म्हणत नाहीत. पीसीओएस (पीसीओडीचंच दुसरं नाव) असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं, काहींना आपोआप, काहींना गोळ्यांनी, थोड्यांना त्यापुढे जावं लागतं. याचीच दुसरी बाजू, मूल नको असेल तेव्हा "मला पीसीओडी आहे, मला कुठे राहतंय" म्हणून बेफिकीर राहू नका, अंडं कधीही अचानक फुटू शकतं.

२. निदान नक्की कशावरून झालंय ते बघा

आपल्याकडे पीसीओडी आणि पीसीओएस दोन्ही शब्द चालतात, बरेच डॉक्टर एकाच अर्थाने वापरतात, नावावर अडकू नका. जगभर २००३ चे रॉटरडॅमचे निकष वापरतात, तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: पाळी अनियमित म्हणजे अंडं नीट फुटत नाही, पुरुषी हार्मोन जास्त (रक्तात किंवा हनुवटीवर केस, जास्त पिंपल्स अशा खुणांवरून), आणि सोनोग्राफीत तसं अंडाशय. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार किशोरवय संपलेल्या बायकांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच (अंडाशयात किती बीजं आहेत याचा अंदाज देणारी) ही रक्ततपासणीही चालते.

पाळी अनियमित म्हणजे किती? दोन पाळ्यांत २१ पेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त दिवस, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या.

इथला सापळा असा की नुसत्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "पीसीओडी" लिहिलं म्हणून तो झालाच असं नसतं. पाळी दर महिन्याला येते, केस नाहीत, पिंपल्स नाहीत, हार्मोन नॉर्मल, तर नुसतं अंडाशय तसं दिसणं हा आजार नव्हे. आणि उलट, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन बिघडलं तरी पाळी अशीच लांबते, म्हणून टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) आणि १७-ओएचपी (अॅड्रिनल ग्रंथीची टेस्ट) या टेस्ट करून बाकीची कारणं बाजूला केली का हे विचारा. माझ्या मावसबहिणीला तीन वर्षं पीसीओडी म्हणत होते, तिचं प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं, त्याची गोळी सुरू केल्यावर पाळी आली.

३. फाईल बनवा, आजच

मी डी-मार्टमधून साधी निळी फाईल आणली होती आणि त्या फाईलने माझा जितका वेळ वाचवला तितका कशानेच नाही, कारण डॉक्टर बदलला की पहिल्यापासून सगळं परत सुरू होतं. त्यात काय ठेवायचं:

- मागच्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा. आपोआप आली की गोळी घेऊन आली हे प्रत्येक तारखेपुढे लिहा.
- जुने सगळे सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, केसांच्या, स्किनच्या, होमिओपॅथी, आयुर्वेदिक, जिमवाल्याने दिलेली पावडर, काहीही लपवू नका.
- कुठलं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड. लहानपणी टीबी झाला असेल तर तेही लिहा, टीबीमुळे गर्भनलिका बंद होऊ शकतात.
- आईला, वडिलांना, बहिणीला शुगर आहे का.
- दोघांची आधार कार्डं, आणि आययूआय (शुक्राणू नळीने गर्भपिशवीत सोडणं) किंवा आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबी) वेळ आली तर लग्नाचा दाखला. दाखला काढला नसेल तर आताच काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते.
- नवऱ्याचे रिपोर्टही याच फाईलमध्ये, वेगळे नकोत.

मेडिक्लेममध्ये या ट्रीटमेंटचं काही मिळतं का ते पॉलिसीचा कागद काढून वाचा, बऱ्याच पॉलिसी हे वगळतात.

४. पहिल्याच वाक्यात सांगा की मूल हवंय

आत गेल्यावर "पाळी येत नाही" असं सुरू करू नका. "आम्हाला मूल हवंय, एवढे महिने प्रयत्न करतोय, पीसीओएस आहे" असं सुरू करा. औषधाची अख्खी दिशा बदलते.

कधी जायचं? साधा नियम असा की वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून मग जा, ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. पण हा नियम पाळी नियमित असणाऱ्यांसाठी आहे. तुमची पाळी दोन तीन महिन्यांनी येत असेल तर वर्षभर थांबण्यात काहीच अर्थ नाही, ठरवलं की लगेच जा.

आणि जायच्या आधी किंवा त्याच दिवशी ही औषधं नक्की सांगा, कारण पीसीओएसमध्ये ती आपल्याला सर्रास दिलेली असतात आणि पोटात बाळ असताना चालत नाहीत. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन, केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन किंवा फिनास्टराइड, आणि हल्ली वजनासाठी घेतात ती इंजेक्शनं. आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर किमान महिनाभर आणि सेमाग्लुटाइड (त्या इंजेक्शनांतलंच एक) बंद केल्यावर किमान दोन महिने थांबावं लागतं. स्किनचा डॉक्टर वेगळा, बाईंचा डॉक्टर वेगळा, दोघांना एकमेकांचं माहीत नसतं, सांगायचं काम आपलं.

फॉलिक अॅसिड मात्र आताच सुरू करा, दिवस राहायच्या दोन तीन महिने आधीपासून लागतं. साधारण ४०० मायक्रोग्रॅम, वजन जास्त किंवा शुगर असेल तर डॉक्टर जास्त डोस देतात.

५. तपासण्या: कोणत्या दिवशी काय

पाळीचा पहिला दिवस म्हणजे नीट रक्त जायला लागलं तो दिवस, आदल्या संध्याकाळी डाग दिसला तो नव्हे. यावरून माझा एकदा एक महिना वाया गेलाय.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी आणि एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हार्मोन), एलएच, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन). पाळीत सोनोग्राफी कशी करायची म्हणून लाज वाटते, पण त्यांच्यासाठी ते रोजचं आहे. टीएसएच, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, रुबेला कधीही. साखरेसाठी नुसती उपाशीपोटीची टेस्ट पुरत नाही, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती करून घ्या, माझी उपाशीपोटीची नॉर्मल होती आणि दोन तासांची वाढलेली निघाली. विदर्भातल्या मुलींनी सिकलसेलची टेस्ट दोघांचीही करून घ्या.

सापळा: केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्याने थायरॉइड आणि बाकी हार्मोनचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. टेस्टच्या दोन तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबमध्ये सांगा.

दुसरा सापळा एएमएचचा. पीसीओएसमध्ये एएमएच जास्तच येतं, आठ, दहा, बारा. त्याने घाबरू नका आणि "खूप बीजं आहेत म्हणजे काळजी नाही" असंही समजू नका, बीजं भरपूर आहेत पण पुढे सरकत नाहीत एवढंच त्यातून कळतं.

नवऱ्याची तपासणी पहिल्याच महिन्यात. यावर मी अडून बसायला सांगेन. आपल्याला पीसीओडीचं लेबल लागलेलं असतं म्हणून घरात सगळे धरूनच चालतात की दोष हिच्यातच आहे, आणि नवरा म्हणतो मला काय धाड भरलीय. माझ्या नवऱ्यानेही दोन महिने टाळलं. शेवटी रिपोर्ट नॉर्मल आला, पण आला तेव्हाच डॉक्टरांनी मला पहिली गोळी दिली, म्हणजे ते दोन महिने फुकट. टेस्ट साधी आहे, २ ते ७ दिवस संबंध न ठेवता वीर्याचं सँपल द्यायचं. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या आकड्यांप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यातले ४२ टक्के हलणारे ही खालची पातळी धरतात. एक रिपोर्ट खराब आला तर तेवढ्यावर ठरवू नका, परत करा, आणि ताप येऊन गेला असेल तर दोन तीन महिने थांबून करा.

ट्यूब उघड्या आहेत का हे बघायला एचएसजी म्हणजे रंग सोडून एक्स-रे काढतात, रक्त थांबल्यावर आणि अंडं फुटायच्या आधी, म्हणजे साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी. दुखतं. पाळीत दुखतं त्याहून जोरात, पण दोन मिनिटं, आधी पेनकिलर मागून घ्या आणि गाडी चालवत एकट्या जाऊ नका. सगळ्यांनाच पहिल्या महिन्यात लागते असं नाही, काही डॉक्टर तीन सायकल (एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंत एक) बघून मग करतात. टीबी, पोटाचं ऑपरेशन किंवा इन्फेक्शन झालं असेल तर आधीच करा म्हणा.

६. वजनाबद्दल

प्रत्येक डॉक्टर म्हणतो वजन कमी कर आणि आपण निराश होतो कारण वीस किलो डोळ्यासमोर येतात. तेवढं लागत नाही. आहे त्याच्या ५ ते १० टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींची अंडी परत फुटायला लागतात. मी ७४ किलोची होते, चार किलो कमी व्हायला पाच महिने लागले, आणि चौथ्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा पाळी गोळीशिवाय आली.

मी काय केलं तर दिवसाचे चार चहा दोन केले आणि साखर अर्धी केली, दुपारी पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, भात कमी आणि मटकीची, मुगाची उसळ जास्त, रात्री जेवून वीस मिनिटं चालणं. आणि सोमवार-चतुर्थीचे उपवास फळं आणि ताकावर आणले. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वरून राजगिऱ्याचा लाडू, हा उपवास आपल्या इन्सुलिनसाठी रोजच्या जेवणापेक्षा जड पडतो हे मला कुणीतरी पाच वर्षं आधी सांगायला हवं होतं.

बारीक असाल तर हा टप्पा तुमच्यासाठी नाही. बारीक मुलींनाही पीसीओएस असतो, त्यांनी उपाशी राहून आणखी वाळू नये. आणि वय ३५ च्या पुढे असेल तर "आधी वजन, मग ट्रीटमेंट" म्हणून वर्ष घालवू नका, दोन्ही बरोबर चालवा.

मेटफॉर्मिन यातच येतं. ती शुगरची गोळी आहे म्हणून घरचे घाबरतात, पण आपल्याला ती इन्सुलिनसाठी देतात, साखर नॉर्मल असली तरी. सुरुवातीला जुलाब, मळमळ होते, म्हणून ५०० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात, पोटभर जेवणानंतरच घ्या आणि त्रास झाला तर बंद न करता डॉक्टरांना सावकाश सुटणाऱ्या गोळीबद्दल विचारा.

७. अंडं फोडायच्या गोळ्या: मुख्य टप्पा हाच

पाळी येतच नसेल तर आधी प्रोजेस्टेरॉनच्या (अंडं फुटल्यावर शरीरात वाढणारं हार्मोन) गोळ्या ५ ते १० दिवस देऊन आणतात. त्या घ्यायच्या आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा, प्रत्येक वेळी करा, कारण आपल्याला पाळी चुकल्याचं काहीच वाटत नाही आणि आधीच दिवस राहिलेले असू शकतात.

मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून लेट्रोझोल, ५ दिवस. आज पीसीओएससाठी हीच पहिल्या क्रमांकाची गोळी आहे. आधी क्लोमिफीन द्यायचे, अजूनही देतात. २०१४ मध्ये अमेरिकेत ७५० पीसीओएसवाल्या बायकांवर दोन्हींची तुलना झाली, पाच सायकलपर्यंत, तेव्हा लेट्रोझोलवाल्या २७.५ टक्के बायकांना बाळ झालं आणि क्लोमिफीनवाल्या १९.१ टक्के. क्लोमिफीनने काही जणींचं गर्भपिशवीचं अस्तर पातळ होतं आणि जुळ्यांची शक्यताही वाढते. तुम्हाला क्लोमिफीन दिलं असेल तर का ते विचारा, कारण असू शकतं.

आता ही गोष्ट नीट वाचा कारण इथे खूप जणी घाबरून गोळी सोडतात. मी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले तर काउंटरवरचा मुलगा चिठ्ठीकडे बघून म्हणाला, "ताई, ही कॅन्सरची गोळी आहे, कुणासाठी हवीय?" मागे चार माणसं उभी. घरी येऊन पाकिटातला कागद वाचला तर त्यातही स्तनाचा कॅन्सर. ते खरं आहे, ती मूळ त्याच आजारावरची गोळी, इस्ट्रोजेन खाली आणते. पाच दिवस इस्ट्रोजेन खाली गेलं की मेंदूला वाटतं अंडाशय काम करत नाहीये, म्हणून तो एफएसएच जास्त सोडतो आणि थांबलेलं फॉलिकल पुढे सरकतं. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी वापरायला बंदीही आली होती, ती नंतर उठली. गर्भ रुजायची वेळ येईपर्यंत गोळी बहुतेक शरीरातून निघून गेलेली असते. फक्त दिवस राहिलेले असताना घ्यायची नाही, म्हणून वरची टेस्ट.

मग साधारण दहाव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे एक-दोन दिवसाआड आतली सोनोग्राफी. ऑफिसमध्ये आधीच काहीतरी व्यवस्था लावून ठेवा, सकाळी साडेआठचा नंबर घेतला तरी साडेदहा वाजतात. या सोनोग्राफीला लघवी करून जायचं, पोटावरच्यासारखं पाणी पिऊन नाही. माझा पहिला महिना २.५ मिलिग्रॅमवर काहीच झालं नाही. दुसऱ्या महिन्यात ५ मिलिग्रॅम, बाराव्या दिवशी ११ एमएम, चौदाव्या दिवशी १२, मी मनातून सोडून दिलं होतं, डॉक्टर म्हणाल्या थांब अजून दोन दिवस, सोळाव्या दिवशी १५, अठराव्या दिवशी १९. आपल्यात उशिरा वाढतं कधी कधी. चौदाव्या दिवशी नाही फुटलं म्हणून महिना सोडू नका. आणि वाढलंच नाही तर परत पाळी आणायची वाट न बघता त्याच सायकलमध्ये डोस वाढवता येतो का हेही विचारा, काही डॉक्टर तसं करतात.

१८-२० एमएमला अंडं फुटायचं इंजेक्शन, एचसीजी. ते थंड ठेवायला सांगितलं असेल तर बर्फ घालून थर्मासमधून आणा. आम्ही रात्री साडेनऊला नवऱ्याच्या हातात डबा, माझ्या हातात फाईल असं जवळच्या नर्सिंग होममध्ये जाऊन टोचून घेतलं होतं. त्यानंतर साधारण ३६ तासांनी अंडं फुटतं, म्हणजे त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस जवळ या. तारखेवर जवळ येणं नवऱ्यालाही जड जातं, त्यावरून भांडू नका, एक दिवस हुकला तर हुकला.

या टप्प्यावरचे तीन सापळे, तिन्हीत मी पडलेय:

पहिला, घरी करायच्या ओव्ह्युलेशन स्ट्रिप. त्या एलएच बघतात आणि आपलं एलएच आधीच जास्त असू शकतं, म्हणून अंडं फुटणार नसतानाही दोन रेषा येतात. मी आठ दिवस रोज दोन रेषा बघत होते.

दुसरा, "२१ व्या दिवसाचं" प्रोजेस्टेरॉन. ते २८ दिवसांच्या सायकलसाठी आहे. खरं म्हणजे अंडं फुटल्यावर सात दिवसांनी करायचं. अठराव्या-विसाव्या दिवशी अंडं फुटलं असेल तर २१ व्या दिवशी रिपोर्ट कमीच येणार आणि उगाच कळणार की फुटलं नाही.

तिसरा, एचसीजीचं इंजेक्शन घेतल्यावर घाईने प्रेग्नन्सी टेस्ट करणं. घरची टेस्ट तेच एचसीजी पकडते. मी नवव्या दिवशी केली, पुसट दुसरी रेषा आली, आईला फोन केला, आईने देवापुढे साखर ठेवली. ती इंजेक्शनची रेषा होती. किमान १४ दिवस थांबा.

किती महिने करायचं? अंडं फुटतंय अशा सहा सायकलपर्यंत साधारण थांबतात. अंडं फुटतच नसेल तर सहा महिने तेच तेच करू नका, तीन वेळा डोस वाढवूनही हलत नसेल तर पुढे काय हे विचारा. मला अंडं फुटलेल्या पाचव्या सायकलमध्ये दिवस राहिले.

८. गोळ्यांनी नाही झालं तर

एफएसएचची इंजेक्शनं, पोटावर टोचायची, कमी डोसपासून हळूहळू वाढवत. सोनोग्राफी आणखी जवळजवळ लागते कारण आपल्या अंडाशयात तयार बसलेली फॉलिकल खूप, जास्त डोस झाला की एकदम पाच-सहा वाढतात. तीन किंवा जास्त मोठी झाली तर डॉक्टर ती सायकल रद्द करतात, जवळ येऊ नका म्हणतात. तेव्हा जीव तुटतो, पण ऐका, तिळं पोटात वाढवणं आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं असतं.

दुसरा पर्याय लॅप्रोस्कोपीने ड्रिलिंग, अंडाशयाला छोटी छिद्रं पाडतात. याची मुळं फार जुनी आहेत. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात बायकांच्या अंडाशयाचा तुकडा काढला, सातही जणींची पाळी परत सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले, त्यांच्याच नावाने हा आजार बरीच वर्षं ओळखला जायचा. ड्रिलिंगने जुळ्यांचा धोका वाढत नाही, पण ऑपरेशन ते ऑपरेशन, आतले भाग एकमेकांना चिकटू शकतात आणि बीजांचा साठा कमी होऊ शकतो. गोळ्या न देता पहिल्याच भेटीत कुणी ड्रिलिंग सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांना फाईल दाखवा.

आययूआय पीसीओएससाठी म्हणून लागत नाही. अंडं फुटतंय, ट्यूब उघडी, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला, तर आययूआयने नक्की काय वाढणार हे विचारा. रिपोर्टमध्ये थोडी कमी असेल तर गोष्ट वेगळी.

९. आयव्हीएफ

बाकीचं करून झालं, किंवा ट्यूब बंद आहेत, किंवा शुक्राणू फारच कमी आहेत, तेव्हा हे. आमच्या सासूबाईंना वाटायचं की हे परवा परवा निघालेलं काहीतरी आहे. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आणली, ते बाळ आज चाळिशीच्या घरात आहे, हे सांगितल्यावर त्या जरा निवांत झाल्या.

माझी एक जवळची मैत्रीण यातून गेली, मी तिच्याबरोबर जायचे, त्यामुळे हे तिच्या अनुभवावरून. आपल्यासाठी यात मुख्य धोका ओएचएसएसचा, म्हणजे इंजेक्शनांना अंडाशय जास्त फुगतं आणि पोटात पाणी होतं. तिला एका रात्रीत पंजाबीची नाडी बसेना एवढं पोट फुगलं. म्हणून आधीच विचारा: अँटागोनिस्ट प्रोटोकॉल (हा धोका कमी ठेवणारी इंजेक्शनांची पद्धत) वापरणार का, अंडं फोडायला एचसीजीऐवजी अॅगोनिस्ट नावाचं दुसरं इंजेक्शन देता येईल का, आणि गर्भ लगेच न सोडता गोठवून पुढच्या महिन्यात सोडणार का. चीनमध्ये १५०८ पीसीओएसवाल्या बायकांवर अभ्यास झाला, २०१६ ला छापून आला, गोठवून सोडलेल्यांत ४९.३ टक्के जणींना बाळ झालं आणि ताजा गर्भ सोडलेल्यांत ४२, ओएचएसएस १.३ टक्के विरुद्ध ७.१. वजन दिवसाला किलोभर वाढतंय, लघवी कमी होतेय, दम लागतोय असं झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच जा.

क्लिनिक २०२१ च्या एआरटी (असल्या ट्रीटमेंटसाठीच्या) कायद्याखाली नोंदलेलं पाहिजे, आययूआयसाठी लेव्हल १, आयव्हीएफसाठी लेव्हल २, नंबर मागा. पॅकेजमध्ये इंजेक्शनं, गोठवणं आणि दुसऱ्या वेळचं ट्रान्स्फर धरलंय का हे लेखी घ्या. संमतीचे फॉर्म घरी नेऊन वाचा, सही टेबलावरच करायची घाई नको.

१०. घरचे, आणि तुमचं मन

जावेच्या डोहाळजेवणात सगळ्या सवाष्णींनी ओटी भरली, माझी वेळ आली तेव्हा एका काकूंनी हळूच ताट माझ्या पुढून सरकवून पुढच्या बाईकडे दिलं. कुणी काही बोललं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन वाट्या धुवत उभी राहिले. त्या रात्री नवऱ्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं आणि त्याने सासूबाईंना डॉक्टरकडे बरोबर नेलं, त्यांनी स्क्रीनवर ते काळे गोल स्वतः बघितले, त्यानंतर घरात कुणी मला दोष दिला नाही. म्हणून म्हणते, जमलं तर सासूला किंवा आईला एकदा सोनोग्राफीला बरोबर न्या.

पीसीओएसमध्ये नैराश्य आणि घाबरेपणा जास्त आढळतो, यात आपली काही चूक नाही. झोप उडाली, सारखं रडू येतंय, तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याच फाईलमध्ये लिहा. घरचे त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करू म्हणाले तर मन शांत होत असेल तर करा, आमच्याकडेही केला. फक्त तीन दिवसांचा विधी फॉलिकल बघायच्या तारखांत येऊ देऊ नका, गुरुजींना तारीख बदलून मागितली की ते देतात.

११. दिवस राहिल्यावर

पॉझिटिव्ह आलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि मेटफॉर्मिन चालू ठेवायचं की बंद ते विचारा, स्वतः ठरवू नका. आपल्याला गरोदरपणातली शुगर आणि बीपी होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून साखरेची टेस्ट पहिल्याच भेटीत करा आणि २४ ते २८ आठवड्यांत परत. आपल्या सरकारी दवाखान्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा जास्त आलं तर शुगर धरतात, उपाशी जायचीही गरज नसते. माझी १५२ आली होती, सव्वीसाव्या आठवड्यात, जेवण सांभाळून आणि चालून भागलं, इन्सुलिन लागलं नाही.

शुगर झाली असेल तर बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत परत टेस्ट करायची असते आणि ती जवळजवळ सगळ्याच विसरतात, कारण तेव्हा आपण बाळाच्या लसीच्या तारखा सांभाळत असतो. मी बाळाच्या लसीकरण कार्डावरच सहा आठवड्यांच्या डोससमोर पेनने "आईची शुगर" असं लिहून ठेवलं होतं.

पीसीओएस बाळंतपणाने जात नाही. पुढेही तीन महिन्यांत एकदा तरी पाळी यायला हवी, आली नाही तर पिशवीचं अस्तर जाड होत राहतं आणि ते चांगलं नाही, तेव्हा जाऊन दाखवा. आणि लगेच दुसरं नको असेल तर त्याची सोय सव्वा महिन्याच्या तपासणीलाच विचारून घ्या, पाळी आली नाही तरी.